दुमडलेली उशी

१

कुठल्याही खोलीत शिरलं की व्हर्नाची नजर आधी पलंगाकडे जायची. त्याला तिचा इलाज नव्हता. आयोवातल्या हमरस्त्याकाठच्या एका मोटेलात तिनं एकतीस वर्षं खोल्या आवरल्या होत्या. रात्री किती जण झोपले, कोण कुठल्या कुशीवर झोपलं, नवराबायकोत काही बिनसलं होतं का, हे तिला चादर बघून कळायचं. क्लेमचं लक्ष मात्र जिन्यांकडे. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. जुन्या घरात पाऊल टाकलं की तो आधी कठड्यावरून हात फिरवायचा, जसा कुणी घोड्याच्या पाठीवरून फिरवतो.

त्यांच्या लग्नाला तीन आठवडे झाले होते. ती सहासष्ट वर्षांची विधवा, तो एकाहत्तरचा विधुर. चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं आणि क्लेमच्या चुलतबहिणींनी केलेल्या खसखस भरलेले ‘कोलाचे’ नावाचे गोड पाव खाऊन सगळ्यांनी त्यांना निरोप दिला होता. मधुचंद्राला कुठे जाणार असं विचारल्यावर क्लेमनं खिशातून पिवळा कागद काढला. त्यावर त्याच्या ठसठशीत सुतारी अक्षरात अकरा नावं होती. जुनी घरं आणि छोटी छोटी संग्रहालयं. आयोवातून नदी ओलांडून इलिनॉय, तिथून वर विस्कॉन्सिन. नऊ दिवस.

"लोक मधुचंद्राला समुद्रावर जातात," व्हर्ना म्हणाली होती.

"समुद्राला जिने नसतात," क्लेम म्हणाला होता.

पहिलं घर एका लाकडाच्या व्यापाऱ्याचं. सप्टेंबरची अखेर, बाहेर मका वाळून खुळखुळ वाजत होता. घर दाखवायला ओबरहोल्टझर नावाच्या ऐंशीच्या बाई होत्या. क्लेम जिन्याखाली रांगत शिरला तेव्हा त्या काळजीनं म्हणाल्या, "ह्यांचं काही पडलंय का?"

"नाही हो. ते असेच आहेत," व्हर्ना म्हणाली आणि हसत एकटीच वर गेली.

वरच्या शयनगृहाच्या दाराला जाड दोरी आडवी लावलेली होती. आत अक्रोडाचा मोठा पलंग, त्यावर पांढरी रजई. रजईला डाव्या कडेशी एक खळगा पडला होता. एका माणसाच्या कंबरेएवढा. आणि त्या बाजूची उशी मधोमध दुमडून ठेवलेली होती.

व्हर्नाला हसू आलं. झाडलोट करणाऱ्या बाईनं दुपारची डुलकी काढली असणार. तिनं स्वतः एकशेबारा नंबरच्या खोलीत किती वेळा काढली होती.

२

दुपारी रस्त्याकडेच्या हॉटेलात ताटलीबाहेर चारी बाजूंनी लोंबणारं तळलेल्या मांसाचं सँडविच दोघांत एक घेतलं. व्हर्नानं पलंगाची गंमत सांगितली.

"त्या ओबरहोल्टझर बाईच असतील," क्लेम म्हणाला. "आपण गाडी लावली तशी त्यांनी उडी मारली असेल पलंगावरून."

"ऐंशीच्या आहेत त्या."

"म्हणून तर उशी सरळ करायला वेळ मिळाला नाही."

व्हर्ना इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या शेतकऱ्यानं वळून बघितलं. पहिला नवरा गेल्यावर अकरा वर्षांत जेवताना असं हसणं तिला ठाऊकच नव्हतं. क्लेमनं मान वर न करता तिच्या ताटलीतलं लोणच्यातली काकडीची चकती पळवली.

दुसरं घर दुसऱ्या दिवशी, एकशेचाळीस मैलांवर. गावातल्या जुन्या डॉक्टरचं. तिथे दोरी नव्हती. दारात कमरेएवढी काच होती आणि तिच्यामागे कुणी पाऊल टाकलं की घंटा वाजायची. घर दाखवणारी तरुण बाई मोठ्या अभिमानानं ते सांगत होती. व्हर्ना ऐकत नव्हती. पितळी पलंगाच्या डाव्या कडेला खळगा होता. उशी मधोमध दुमडलेली होती.

"इथे कोणी झोपतं का?" व्हर्नानं विचारलं.

"कसं झोपणार? गादीच नाहीये. वाळवीनं खाल्ली तेव्हा काढून टाकली. रजईखाली नुसती पुठ्ठ्याची खोकी मांडलीत." बाईनं आत बघितलं आणि तिचं कपाळ आक्रसलं. "खोकी दबलेली दिसतात. दमटपणानं असेल."

"आणि उशी?"

"उशी अशी नव्हती बहुतेक," बाई म्हणाली. मग स्वतःशीच मान हलवून ती पुढच्या खोलीकडे वळली, कारण तिथे डॉक्टरांच्या करवती होत्या आणि पाहुण्यांना त्या फार आवडायच्या.

व्हर्नानं काचेवरून वाकून पुन्हा बघितलं. पुठ्ठ्याची खोकी दमटपणानं दबतात हे खरं. पण ती कंबरेच्या आकाराची दबत नाहीत.

३

पुढचं ठिकाण बटणांचं संग्रहालय होतं. नदीतल्या शिंपल्यांपासून पूर्वी त्या गावात बटणं कापायचे. पलंग नाही, रजई नाही, नुसती भोकं पाडलेल्या शिंपल्यांची पोती आणि यंत्रं. व्हर्नाला एवढं हलकं वाटलं की तिनं क्लेमला मोत्यासारख्या बटणांचं अख्खं कार्ड घेऊन दिलं. त्यानं तिथल्या तिथे शर्टाचं वरचं बटण तोडलं आणि म्हणाला, "आता नवीन लावून दे. बायको केलीय कशाला?"

"सुई चालवता येत नाही तर करवत कशी चालवलीस चाळीस वर्षं?"

"करवतीत दोरा ओवावा लागत नाही."

संध्याकाळी नदीवर बसून त्यांनी पीच भरून भाजलेला गोड ‘पाय’ खाल्ला. वाळू वाहणाऱ्या बोटी संथ जात होत्या. व्हर्नाला वाटलं, दोन घरांत दोन उशा, त्यात काय. एकतीस वर्षांत किती विचित्र योगायोग बघितले. एकदा एकाच रात्री तीन खोल्यांत तीन वेगवेगळी माणसं आपले दात विसरून गेली होती.

चौथं घर मद्याची भट्टी असलेल्या जर्मन माणसाचं. लाल विटा, बुटकी दारं. क्लेम खाली कठड्याचा सांधा बघत होता. व्हर्नानं वर जाऊन आधी पलंगाकडे बघितलंच नाही. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, हात धुवायचं भांडं बघितलं, खिडकीचे पडदे बघितले. मग बघितलं.

डावी कड. खळगा. दुमडलेली उशी.

ती दोरीखालून वाकून आत गेली. असं तिनं जन्मात केलं नव्हतं. तिनं रजईवर, त्या खळग्यात, तळहात ठेवला.

ऊब होती. उन्हाची ऊब अशी नसते. पाहुण्यांनी खोली सोडून दहा मिनिटं झाली की गादीला जेवढी राहते, तेवढीच ऊब. हा हिशेब तिच्या हाताला पाठ होता.

तेवढ्यात खाली घंटा घणघणायला लागली; इथेही दोरीपलीकडे पाऊल टाकलं की ती वाजायची. क्लेमचा आवाज आला, तो घर दाखवणाऱ्या माणसाला अगदी गंभीरपणे सांगत होता, "माझी बायको असेल. तिला पसारा झालेली खोली बघवत नाही. तुम्ही तिला अडवलं नाही तर ती तुमच्या चादरी बदलून जाईल."

त्या माणसाला हसू आवरेना. व्हर्ना खाली आली तेव्हा तीही हसली. हात मात्र तिनं कोटाच्या खिशात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

४

मोटेलात उतरल्यावर सकाळी पलंग आवरून निघायची व्हर्नाची सवय क्लेमला गमतीची वाटायची. "त्याचे पैसे घेणारं दुसरं कोणी आहे," तो म्हणायचा. पाचव्या दिवशी सकाळी मात्र तो स्वतःहून मदतीला आला. तिनं चादर ताणली, त्यानं दुसऱ्या बाजूनं रजई ओढली. हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या. तो त्या ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं डाव्या बाजूची उशी उचलली, झटकली, मधोमध दुमडली आणि जागेवर ठेवून हातानं दाबली.

मग त्यानं ती बघितली. लगेच उघडून सरळ केली.

"ही कोणाची सवय?" व्हर्नानं विचारलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज शांत आला.

क्लेम पलंगाच्या कडेवर बसला. "मार्लिसची. दमा होता तिला. सपाट उशीवर झोपता यायचं नाही. रोज सकाळी मीच दुमडून ठेवायचो. हाताला सवय झालीय, माझ्या लक्षात नाही आलं. तुला वाईट वाटलं का?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "अजून काय सांगायचं राहिलंय?"

त्यानं खिशातून पिवळा कागद काढून तिच्यासमोर ठेवला. "ही यादी तिची आहे. म्हणजे आमची दोघांची. दर हिवाळ्यात आम्ही स्वयंपाकघरात बसून ती करायचो. एखादं घर काढायचो, एखादं घालायचो. निघायचं ठरलं त्या वसंतात ती इस्पितळात गेली. परत नाही आली. मी यादी माझ्या अक्षरात उतरवली, म्हणजे तुला..." तो थांबला. "मला ही घरं बघायची होती, व्हर्ना. आणि तुझ्याबरोबर बघायची होती. दोन्ही खरं आहे. पण आधी सांगायला हवं होतं."

व्हर्नानं कागद घेतला. अकरातली चार नावं खोडली होती.

"तू फसवलंस असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आजचा नाश्ता तुझ्याकडून. आणि अंडी दोन नाही, तीन."

तो हसला, पण डोळे पुसून. खळग्याबद्दल ती बोलली नाही. पहिल्या दिवशी गंमत म्हणून बोलली होती तेवढंच. एखाद्या माणसाला त्याच्या मेलेल्या बायकोची ऊब रजईत लागली असं कसं सांगायचं? आणि सांगितलं तर काय होईल? एक तर तो तिला वेडी म्हणेल. नाहीतर म्हणणार नाही. तिला दुसऱ्या शक्यतेची भीती जास्त होती.

५

सहाव्या घरात गादी नुसती कोमट नव्हती, चांगली ऊन होती.

सातव्या घरात दोरीशी उभं राहिल्यावर उशीतून कापराच्या मलमाचा वास आला, छातीला चोळतात तसला.

आठव्या ठिकाणी, टोप्यांच्या संग्रहालयात, क्लेमनं एकामागून एक बावीस टोप्या घालून बघितल्या. तिथे त्याला बंदी नव्हती. शहामृगाच्या पिसांची बायकी टोपी घालून तो एवढा देखणा दिसला की व्हर्नानं त्याचा फोटो काढून त्याच्या सगळ्या चुलतबहिणींना पाठवला. दुपारी दोघं चीजच्या दुकानात शिरले आणि दातांखाली चिवचिवणारे ताजे तुकडे पिशवीभर खात विस्कॉन्सिनच्या टेकड्यांतून फिरले. गाडीत क्लेम बेसूर गायला. तिनं ताल धरला. भीती त्या सगळ्याच्या खाली, बुटात गेलेल्या खड्यासारखी, होती तशीच होती. पाय टाकला की जाणवायची.

नवव्या घरात ती जिना चढत असताना वर पलंगाची स्प्रिंग कुरकुरली. घाईनं कोणी उठावं तशी नाही. गुडघ्यावर हात ठेवून, थांबून थांबून. ती वर पोचली तेव्हा खोली रिकामी होती. रजईवरचा खळगा मात्र तिच्या डोळ्यांसमोर हळूहळू भरत होता. कापूस वर येत होता, सुरकुती सुटत होती. खालून क्लेमचं हसणं ऐकू येत होतं.

दहाव्या घरात तो खळगा भरायलाही लागला नव्हता.

पुढे कोणीतरी चाललं होतं, आणि दर घराला अंतर कमी होत होतं. आपण वेगानं जात नव्हतो, हे व्हर्नाला ठाऊक होतं. उलट वाटेत दिसेल तिथे गोडधोड खायला थांबत होतो. म्हणजे पुढचं माणूस दमत होतं, किंवा वाट बघत होतं. एक घर उरलं होतं.

परत फिरू या, असं ती म्हणाली असती तर क्लेम फिरला असता. कारणही विचारलं नसतं. म्हणूनच तिला ते म्हणता येईना. ती विचार करत राहिली की त्या बाईला नेमकं काय हवं असेल. आपण तिची जागा घेतली, हे तर खरंच होतं. डाव्या बाजूलाच झोपत होतो आपण.

६

शेवटचं घर मिसिसिपीच्या कड्यावर होतं. वाफेच्या बोटीवरच्या एका कप्तानाचं. शुक्रवार, दुपारचे तीन. आवारात फक्त त्यांचीच गाडी. आत टेबलाशी स्टेनरुड नावाचे निवृत्त मास्तर शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी तिकिटं फाडली आणि म्हणाले, "वर मोकळेपणी फिरा. सकाळपासून कुत्रंसुद्धा फिरकलेलं नाही."

दिवाणखान्याच्या मधोमध जिना वर गेला होता. गोल, शंखासारखा, मधे खांब नाही. क्लेम दारातच थबकला. टोपी काढली, परत घातली. मग तो सरळ जमिनीवर उताणा झोपला आणि खालून वर बघत राहिला.

"उठवायला क्रेन आणावी लागेल," मास्तर म्हणाले.

"तुम्ही कोडं सोडवा," क्लेम म्हणाला. "मला तासभर लागेल."

व्हर्ना त्याच्याजवळ वाकली. "तू निवांत बघ. मी वर जाऊन येते. मी हाक मारल्याशिवाय येऊ नकोस."

"का?"

"कारण मी सांगतेय."

जिना अजिबात वाजला नाही. वर लांब बोळ होता, उन्हानं भरलेला. धूळ तरंगत होती. खालून नदीवरच्या बोटीचा भोंगा आला आणि विरला. शेवटचं दार अर्धं उघडं होतं. तिथली दोरी आकड्यातून काढून, नीट गुंडाळून, खिळ्याला अडकवलेली होती.

तिला आधी ऐकू आलं. श्वास. आत घेताना बारीक शिट्टी, सोडताना खरखर.

व्हर्नानं दारातून बघितलं.

लोखंडी पलंगावर, डाव्या कडेला, खिडकीकडे तोंड करून कोणीतरी झोपलं होतं. रजई खांद्यापर्यंत. दुमडलेल्या उशीवर आखूड पांढरे केस. दर श्वासाला खांदा कष्टानं वर यायचा. संग्रहालयातली बाहुली असेल, असं व्हर्नाच्या मनानं सांगून बघितलं. बाहुलीचा खांदा वर येत नाही. दमलेली एखादी पाहुणी असेल. पण सकाळपासून कोणी फिरकलेलं नव्हतं.

तिचे पाय पळायला तयार होते. पण त्याच वेळी दुसरंही काही तिच्या ध्यानात आलं. ती बाई दमली होती. अकरा ठिकाणं, नऊ दिवस, असल्या छातीनं. व्हर्नानं एकतीस वर्षांत असे लोक बघितले होते, लांबून आलेले, बूट न काढता आडवे झालेले. त्यांच्यावर राग धरता येत नाही.

तिचा हात आपोआप वर गेला. तिनं बोटाच्या पेरानं दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केलं.

"खोली आवरायला आलेय," ती म्हणाली. "आता करू, की नंतर येऊ?"

श्वास थांबला. बोळातली धूळसुद्धा थांबली असं तिला वाटलं.

मग रजईतून एक हात बाहेर आला. हडकुळा, मनगटाला इस्पितळाची कागदी पट्टी. तोंड न वळवता त्या हातानं हवेत हलकेच खूण केली. नंतर.

ही खूण व्हर्नानं हजारो वेळा बघितली होती.

"सावकाश होऊ दे," ती म्हणाली. "घाई नाही." आणि तिनं दार आवाज न करता ओढून घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण का कोण जाणे, छाती मोकळी झाली होती.

बोळाच्या टोकाला क्लेम उभा होता. हाक मारायची वाट बघणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"आत काय आहे?"

"कोणीतरी झोपलंय," व्हर्ना म्हणाली.

त्यानं चेष्टा केली नाही. तो जवळ आला, बंद दारासमोर उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ऐकू जावं एवढ्या आवाजात बोलायला लागला.

"मधे खांब नाहीच आहे. छत्तीस पायऱ्या. एकसुद्धा खिळा नाही, सगळ्या खाचेत बसवल्यात. मला वाटायचं वजन भिंत घेते. तसं नाहीये. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकलेली आहे. एक काढली तर सगळा जिना जाईल. चेरीचं लाकूड. कठडा एकाच माणसानं घासलाय, हात कळतो. दीडशे वर्षांत कुठे कुरकुरत नाही. फार सुंदर झालंय काम. बघण्यासारखं आहे."

आतून पलंगाची स्प्रिंग वाजली. कोणीतरी कूस बदलली होती. दाराकडे.

क्लेमनं टोपी परत डोक्यावर घातली. मग त्यानं व्हर्नाचा हात धरला. त्याचा हात गार पडला होता.

"चल," तो म्हणाला. "झोपू दे तिला."

व्हर्ना नुसतं 'कोणीतरी' म्हणाली होती.

७

बाहेर लख्ख ऊन होतं. मास्तरांनी सात अक्षरी नदीचं नाव विचारलं, क्लेमनं ते चुकीचं सांगितलं. गावात शुक्रवारचा तळलेला मासा मिळत होता. दोघांनी दोन दोन ताटल्या खाल्ल्या, राय धान्याचा पाव आणि कोबीची कोशिंबीर पुन्हा मागून घेतली. नऊ दिवसांची भूक असल्यासारखे ते जेवले. तुला कधीपासून माहीत होतं, असं व्हर्नानं विचारलं नाही. मधेच एकदा त्यानं तिच्या ताटलीकडे हात नेला, मग थांबून आपल्याच ताटलीतला माशाचा सगळ्यात कुरकुरीत तुकडा तिला दिला.

"उद्या घरी," तो म्हणाला. "यादी संपली."

"किल्ली इकडे दे," व्हर्ना म्हणाली.

नऊ दिवस तोच गाडी चालवत होता. त्यानं मुकाट्यानं किल्ली दिली. ती बसली, खुर्ची पुढे ओढली. रस्त्याला लागल्यावर घराकडचं दक्षिणेचं वळण आलं. ते तिनं सोडलं आणि गाडी उत्तरेला घातली.

"कुठे चाललोय आपण?"

"मला काय माहीत? तुम्हा दोघांच्या यादीत नसेल अशा ठिकाणी."

क्लेम हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, मग पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. व्हर्नालाही हसू फुटलं. नदी डाव्या हाताला चमकत होती, टेकड्यांवरचे मेपल लाल व्हायला लागले होते, आणि तिनं खिडकी पूर्ण खाली केली.

मागचं दिसणाऱ्या आरशाकडे मात्र पुढचं गाव येईपर्यंत तिनं बघितलं नाही.